तहानेवरचा पहारा

सेंट लुईसच्या ऑलिंपिकमधली मॅरेथॉन ३० ऑगस्ट १९०४ रोजी भर दुपारी सुरू झाली. पारा ३२ अंशांच्या आसपास होता, रस्ते मातीचे होते आणि धावणाऱ्यांच्या पुढेमागे चाललेल्या मोटारी व घोडेस्वार धुळीचे लोट उठवत होते. सुमारे चाळीस किलोमीटरच्या त्या वाटेवर पिण्याचे पाणी मिळायचे ते एका टाकीपाशी आणि पुढे बाराव्या मैलाजवळच्या विहिरीवर. ही गैरसोय निव्वळ हलगर्जीपणाची नव्हती. स्पर्धेचे प्रमुख संयोजक जेम्स सलिव्हन यांना पाणी न मिळाल्यास शरीर कुठवर तग धरते हेही पाहायचे होते. ३२ जण धावले, १४ जण पोहोचले. विजेता थॉमस हिक्स शेवटच्या टप्प्यात पाणी मागत होता. त्याच्यासोबतच्या मदतनिसांनी ते नाकारले, कोमट पाण्यात बुडवलेल्या स्पंजने त्याचे तोंड पुसले, अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन हे विषारी उत्तेजक दिले आणि वर ब्रँडी पाजली. विल्यम गार्सिया रस्त्यावर कोसळला; पोटात गेलेल्या धुळीने अस्तर सोलून निघून त्याला आतून रक्तस्राव झाला होता. क्युबाच्या फेलिक्स कार्वाहालने भूक आवरेना म्हणून वाटेतल्या बागेतली सफरचंदे खाल्ली, ती नासकी निघाली, पोटात मुरडा आला, तो काही वेळ आडवा झाला आणि तरीही चौथा आला. लांब पल्ल्याच्या धावण्यात माणसाला छळणाऱ्या तिन्ही गोष्टी, म्हणजे तहान, भूक आणि पोट, त्या एका दुपारी एकत्र आल्या होत्या.

जवळजवळ शंभर वर्षांनी नियम पुरता उलटला. १९९६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या प्रतिष्ठित संस्थेने धावपटूंना सांगितले की घामावाटे जेवढे पाणी जाईल तेवढे सगळे भरून काढा, किंवा सोसेल तितके प्या. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक धावपटू कोसळली आणि मरण पावली. कारण पाण्याची कमतरता नव्हते. फार द्रव प्यायल्याने तिच्या रक्तातले सोडियम घसरले होते आणि मेंदूला सूज आली होती. या दोन टोकांकडे पाहून आधी अज्ञान होते, मग विज्ञान आले आणि वाटेत थोडा अतिरेक झाला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला ते पटत नाही. पाणी तोडणारा काळ आणि पाणी लादणारा काळ यांच्यात एक चूक समान आहे. दोघांनीही धावणाऱ्याच्या तहानेला साक्षीदार मानले नाही. पहिल्याने तिला दुबळेपणा ठरवले, दुसऱ्याने तिला उशिरा जागी होणारी, भरवसा न ठेवण्याजोगी ठरवले. तहानेवर बाहेरून कोणीतरी पहारा ठेवला पाहिजे, हा विश्वास मात्र शंभर वर्षे हलला नाही.

पाणी तोडण्यामागे काय होते? सलिव्हन यांनी १९०९ साली मॅरेथॉनवर छोटे पुस्तक काढले आणि त्यात शर्यतीदरम्यान खाण्यापिण्याची सवय लावून घेऊ नका असा सल्ला दिला. पण तो काळ एकसुरी नव्हता, हेही सांगायला हवे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ऑक्सो ही मांसाच्या अर्काचे पेय विकणारी कंपनी मॅरेथॉनची अधिकृत खानपान व्यवस्थापक होती. गरम आणि थंड ऑक्सो, तांदळाची खीर, बेदाणे, केळी, सोडा घातलेले दूध असा तिचा मोफत बेत होता, आणि कोणी कोसळलाच तर उत्तेजक पेयही तयार होते. म्हणजे कंपन्या मॅरेथॉनच्या वाटेवर १९८० नंतर आल्या हा समज खरा नाही. आपल्याकडचे पहिले मॅरेथॉन धावपटूही याच जुन्या जगात उतरले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी माणसे पाहून दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवण्याचा ध्यास घेतला, आणि त्या संघातून बेळगावचे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार मॅरेथॉन धावले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले, तेही ४२.७५ किलोमीटर धावून. ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब मॅरेथॉन. दिवस थंड आणि पावसाळी होता हे त्यांचे नशीब.

पुढे सलिव्हन यांचा तो सल्ला नियम होऊन बसला. १९५३ च्या आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमपुस्तकाप्रमाणे पहिल्या १५ किलोमीटरपर्यंत धावपटूला काहीही द्यायचे नव्हते, आणि त्यानंतरही संयोजकांनी ठेवलेलेच घ्यायचे होते. दक्षिण आफ्रिकेतली सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत पाच वेळा जिंकणाऱ्या जॅकी मेक्लर यांनी आपल्या काळाबद्दल सांगून ठेवले आहे की अख्खी मॅरेथॉन पाण्याच्या थेंबाविना धावणे हे तेव्हा धावपटूच्या तयारीचे परमोच्च लक्षण समजले जाई. सहनशक्ती म्हणजे गरज नाकारता येणे, ही ती समजूत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पाणी न पिणे ही केवळ मर्दुमकी नव्हती. पळताना प्यायले की पोट बिघडते हा धावणाऱ्यांचा रोजचा अनुभव होता. तो अनुभव खरा आहे. जोरात धावताना रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि घाम गाळण्यासाठी त्वचेकडे वळते, आणि जठर-आतड्यांचा पुरवठा खूपच घटतो. तीव्र श्रमात तो एरवीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतही उतरू शकतो. त्यात प्रत्येक पावलागणिक पोट हिंदकळत असते, म्हणून सायकलस्वारांपेक्षा धावणाऱ्यांना मळमळ, उलट्या आणि जुलाब यांचा त्रास जास्त. ऑस्ट्रेलियाच्या डेरेक क्लेटनने १९६९ साली अँटवर्पमध्ये २ तास ८ मिनिटे ३३ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि नंतरचे काही तास लघवीतून रक्त, काळी उलटी आणि काळे जुलाब यांत काढले. उपाशी आतड्याला रक्त मिळाले नाही की त्याचे अस्तर फाटते, आणि शरीर सुकलेले असेल तर ते अधिक फाटते. जुन्या धावपटूंना दुखणे बरोबर कळले होते, औषध मात्र उलटे निवडले गेले. पाणी पूर्ण तोडल्याने पोट वाचत नाही. थोडे थोडे, सरावात रोज घेतले तर जठर ते पुढे सरकवायला शिकते. आतड्यालाही पायांसारखा सराव लागतो हे आज प्रशिक्षक सांगतात, पण ज्या नियमाने पहिले १५ किलोमीटर पिण्यावर बंदी घातली होती त्याच्या राज्यात हा सराव कोणी करणार कसा?

दुसरा आक्षेप: मग उन्हाने माणसे मेली त्यांचे काय? १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो तीस किलोमीटरच्या सुमारास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये शर्यतीमुळे झालेला तो पहिला मृत्यू. अंगाला चरबी चोपडल्याने त्याचा घाम कोंडला असे सांगितले जाते. त्याच दुपारी जपानचा कानाकुरी शिझो वाटेत एका घराच्या बागेत थांबला, प्यायला आणि शर्यतीत परतलाच नाही. उष्णतेचा मृत्यू खरा आहे. पण तो टाळण्याचे साधन निव्वळ पाणी नाही. शरीराचे तापमान प्रामुख्याने वेगावर, हवेवर आणि घाम उडून जाण्यावर ठरते, आणि दुपारी दीड-दोन वाजता शर्यत सोडणाऱ्या संयोजकाचे पाप पाण्याच्या पेल्याने धुऊन निघत नाही. ही फारकत पुढच्या पिढीच्या संशोधकांनी नीट केली नाही, आणि सारी गल्लत तिथूनच वाढली.

खाण्याच्या बाबतीत मात्र खरे उत्तर फार लवकर सापडले होते आणि ते हातचे गेले. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर तिथल्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयातील लेव्हिन, गॉर्डन आणि डेरिक या डॉक्टरांनी पोहोचलेल्या धावपटूंच्या रक्तातली साखर मोजली. जे गळून, पांढरेफटक पडून, भ्रमिष्टासारखे बोलत आले होते त्यांची साखर घसरलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच शर्यतीतल्या धावपटूंना आधी पिष्टमय आहार वाढवायला आणि धावताना गोळ्या-मिठाई खायला सांगितले. साखर टिकली आणि माणसेही बऱ्या अवस्थेत पोहोचली. प्रयोग साधा, निष्कर्ष स्पष्ट, आणि तो अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नामांकित नियतकालिकात छापला गेलेला. तरीही सुमारे चाळीस वर्षे धावण्याच्या जगाने त्याची दखल घेतली नाही. माझ्या मते कारण उघड आहे. वाटेत खाणे हीच कमजोरी मानली जात होती, तिथे खाल्ल्याने माणूस शुद्धीवर राहतो हा पुरावा ऐकणार कोण? १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी स्नायूतून सुईने तुकडा काढून तपासण्याची पद्धत वापरली. दोघे एकाच सायकलवर समोरासमोर बसले, प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारले आणि मग तीन दिवस पिष्टमय जेवण घेतले. थकलेल्या पायात ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूतल्या साखरेचा, साठा विश्रांती घेतलेल्या पायापेक्षा दुप्पट झाला. या शोधावर बेतलेला आहार घेऊन इंग्लंडचा रॉन हिल १९६९ मध्ये अथेन्सला युरोपीय विजेतेपदाची मॅरेथॉन धावला आणि शेवटच्या टप्प्यात आघाडीवरच्याला गाठून जिंकला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर बुडबुडे काढून टाकलेला कोका-कोला पीत धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. साखर, पाणी आणि थोडे कॅफिन: त्याच्या बाटलीत आजच्या, धावताना घ्यायच्या महागड्या जेलमधल्या बहुतेक गोष्टी होत्या.

पाणी आणि साखर एकत्र का चालतात याचे उत्तर मात्र क्रीडांगणावर मिळाले नाही. १९६० साली प्रागच्या परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून, एकमेकांचा हात धरून आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी जाते. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड यांनी अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी मीठ, साखर आणि लिंबाच्या रसाचे पेय बनवले. त्यातून गेटोरेड आले. पण याच तत्त्वाचा सर्वांत मोठा वापर १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत झाला. बांगलादेश युद्धातून आलेल्या माणसांत पटकी पसरली, शिरेतून द्यायची सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते नातेवाइकांकरवी पाजले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते ते ४ टक्क्यांच्या खाली आले. केडच्या बाटलीने पैसा केला. महालनबीसांच्या पिंपांनी माणसे वाचवली. आपल्याकडे घराघरांत माहीत असलेला ओआरएस हा आजच्या धावपटूच्या बाटलीचा सख्खा भाऊ आहे, आणि त्या नात्यात थोरला मान कोणाचा हे आपल्या क्रीडालेखनाने कधी ठळकपणे सांगितले नाही याची मला खंत वाटते.

आता दुसऱ्या पहाऱ्याकडे. दुसऱ्या महायुद्धात एडवर्ड ॲडॉल्फ यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांचा अभ्यास केला, आणि १९४७ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. पाण्यावाचून राहण्याची सवय शरीराला लावता येत नाही हे त्यांनी दाखवले. तोवरच्या लष्करी समजुतीला तो मोठा धक्का होता. त्यांना असेही दिसले की सैनिक चालताना गमावतात त्यापेक्षा कमी पितात आणि उरलेले जेवणाच्या वेळी भरून काढतात. या निरीक्षणाचा पहिला अर्धा भाग पुढे हजारदा उगाळला गेला: तहान मागे पडते. दुसरा अर्धा, म्हणजे शरीर ती उणीव स्वतःच पुढे भागवते, हा गळून गेला. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विंडहॅम आणि स्ट्रायडम यांनी ३२ किलोमीटरच्या शर्यतीत ज्यांचे वजन अधिक घटले त्यांचे तापमानही अधिक, असे मांडले आणि शीर्षकातच अपुऱ्या पाण्याचा धोका सांगितला. पण जो वेगाने पळतो तो तापतोही जास्त आणि घामही जास्त गाळतो. एकामुळे दुसरे घडते हे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही पाण्याची बंदी उठवायला हा निबंध उपयोगी पडला हे मान्य केलेच पाहिजे. १९७५ मध्ये अमेरिकन कॉलेजने पहिल्या १० किलोमीटरांत पाणी नाकारणारा नियम बदला असे सांगितले, ते योग्यच होते. चूक तिथे थांबली नाही ही आहे. पिऊ द्या याचे प्या झाले, प्या याचे तहान लागण्याआधी प्या झाले, आणि १९९६ पर्यंत सोसेल तितके प्या. पेय विकणाऱ्या कंपन्यांचा पैसा या काळात क्रीडावैद्यकात मोठ्या प्रमाणावर आला. सगळे संशोधक विकले गेले असे मी म्हणणार नाही, पण ज्या सल्ल्याने खप वाढतो तो सल्ला तपासून पाहण्याची घाई कोणाला नव्हती.

इशारा वेळेवर मिळाला होता. १९८१ च्या कॉम्रेड्समध्ये एक धावपटू शुद्ध हरपून रुग्णालयात गेली. तिचे सोडियम धोकादायक घसरले होते. संशोधक टिम नोक्स यांनी अशा चार रुग्णांची हकीकत १९८५ मध्ये छापली आणि कारण सांगितले ते पाण्याचा अतिरेक. लांब श्रमात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक वाढलेले राहते, मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकत नाही, आणि पेल्यामागून पेला रिचवणाऱ्याचे रक्त पातळ होत जाते. त्याची लक्षणे मळमळ, उलटी, डोकेदुखी आणि गोंधळलेपणा. नेमकी हीच लक्षणे शरीर सुकल्याची म्हणून सगळ्यांनी पाठ केलेली, त्यामुळे अशा माणसाला आणखी पाणी पाजले जाई. २००२ च्या बोस्टन शर्यतीतच ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले आणि २००५ मध्ये निष्कर्ष आले: १३ टक्क्यांचे सोडियम कमी होते, तिघांचे जीवघेण्या पातळीला. धोका कोणाला? ज्यांचे वजन शर्यतीत वाढले, ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला, जे तीन लिटरहून जास्त प्यायले. म्हणजे जिंकणारे नव्हेत. मागून येणारे, सल्ला प्रामाणिकपणे पाळणारे हौशी लोक. २००७ मध्ये अमेरिकन कॉलेजने अतिरेकी पिण्याविरुद्ध बजावले, आणि २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तहानेनुसार पिणे हाच सुरक्षित मार्ग ठरवला.

यावर म्हणतात, वजन २ टक्क्यांनी घटले की कामगिरी खालावते, आणि तहान तोवर जागी होत नाही. प्रयोगशाळेत, पंख्याचा वारा न लागता, तहान दाबून ठेवलेल्या माणसांत असे दिसते खरे. पण विख्यात धावपटू हैले गेब्रसेलासी २००९ ची दुबई मॅरेथॉन जिंकला तेव्हा त्याचे वजन जवळजवळ १० टक्के घटले असल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. सामान्य माणसाने त्याचे अनुकरण करावे असा याचा अर्थ नाही. एकच टक्केवारी सगळ्यांच्या गळ्यात बांधता येत नाही एवढाच अर्थ. वयाबरोबर तहान मंदावते, म्हणून साठीपुढच्या धावपटूने थोडे अधिक लक्ष द्यावे, हा अपवादही मी मान्य करतो.

आणि माझ्या युक्तिवादाची मर्यादाही इथेच आहे. शरीराची साक्ष पाण्याबाबत विश्वासार्ह आहे, साखरेबाबत नाही. १९२४ चे बोस्टनचे धावपटू भूक लागली म्हणून कोसळले नव्हते; धावताना भूक मरते आणि साठा संपल्याची खबर संपल्यावरच मिळते. तिथे बेत आखावाच लागतो. ग्लुकोजचे दार तासाला सुमारे ६० ग्रॅमच आत घेते. फ्रुक्टोज वेगळ्या दाराने जाते हे ओळखून बर्मिंगहॅम विद्यापीठात आस्कर युकेंड्रुप यांनी दोन्हींचे मिश्रण वापरले आणि हा आकडा ९० ग्रॅमपर्यंत नेला. पण सराव नसलेल्या पोटात तेवढी साखर ओतली तर ती आतड्यात पाणी खेचते, आणि मग धावणाऱ्याचे पुढचे ठिकाण रस्त्याकडेचे शौचालय असते. दाट जेलवर दाट पेय घेणाऱ्यांचे हेच होते. जेल घ्यायची तर साध्या पाण्याबरोबर, आणि शर्यतीच्या दिवशी नवे काहीच नाही.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून धावली जाते, साताऱ्याच्या घाटात दरवर्षी हजारो लोक धावतात, आणि पुण्या-मुंबईचे धावपटू आता कॉम्रेड्सलाही जातात. यातले पूर्ण मॅरेथॉन धावणारे बहुतेक जण चार तासांहून जास्त वेळ वाटेवर असतात, म्हणजे २००५ च्या त्या अभ्यासाने ज्यांना धोक्यात धरले त्याच गटातले. पहाटेचा दमटपणा, दर दीड-दोन किलोमीटरला प्रेमाने पुढे केलेली बाटली आणि न पिणे म्हणजे बेफिकिरी ही शिकवण, या तिन्हींचा जोर पिण्याकडेच असतो. म्हणून धावणाऱ्यांना सांगणे असे: लांब सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा, नंतरचे वजन आधीपेक्षा जास्त भरले तर तुम्ही जास्त पीत आहात. संयोजकांना विनंती अशी: वैद्यकीय तंबूत सोडियम जागीच मोजणारे यंत्र ठेवा, आणि गोंधळलेल्या, उलट्या करणाऱ्या धावपटूला ते मोजल्याशिवाय शिरेतून सलाईन लावू नका.